टिटवीच्या दुकानातली भिंत

१ आडवा. भिंत फोडल्यावर हाती लागलं ते (दोन अक्षरं)

मंगळवारी सकाळी हिरवी गाडी दारात थांबली, चौघं उतरले, आणि त्यांनी काहीच शोधलं नाही.

तेल्मा सोकोलला पुढं तेच खुपत राहिलं. झडतीला येणारे लोक शोधतात. कपाटं उलथतात, पुस्तकं बुटाखाली घालतात, गल्ला उपसतात. जनरल लोकांचं राज्य आल्यापासून ब्वेनोस आयर्सच्या कोरिएन्तेस रस्त्यावरल्या प्रत्येक पुस्तकवाल्यानं हा सोहळा एकदा तरी पाहिला होता. हे चौघं मात्र पाटीवर टिटवी रंगवलेल्या 'एल तेरो' दुकानात शिरले ते नाकासमोर. दारातल्या स्वस्त पुस्तकांच्या टेबलाला एकानं लाथ घातली, तीसुद्धा टेबल वाटेत आलं म्हणून. राजकारणाच्या कपाटाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या भिंतीचं तिसरं कपाट ओढून बाजूला केलं, विटांवर बोटं वाजवली, आणि पोकळ आवाज आला तिथं कुदळ घातली.

विटा कोसळल्या. आत कोनाडा होता. कोटाची कॉलर वर केलेल्या देखण्या अधिकाऱ्यानं त्यात हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत.

हात बाहेर आला तो पांढरा होऊन. धूळ. दुसरं काही नाही.

"माझा बाप म्हणायचा, त्यात सोनं आहे," काउंटरमागून ओतिलिया ब्रुनेत्ती म्हणाली. दुकान तिचं. वय पासष्ट, आवाज चाळिशीचा. "निघालं का हो काही?"

"पुस्तकं कुठायत?"

"पुस्तकांच्या दुकानात उभं राहून विचारताय, साहेब? डोळे तपासून घ्या."

अधिकारी हसला नाही. रुमालानं एकेक बोट पुसत म्हणाला, "शुक्रवारी येतो. बंदीची पुस्तकं या काउंटरवर दिसली पाहिजेत. नाहीतर ती नेणाऱ्यांची नावं. दोन्ही नसलं तर दुकानाला टाळं, आणि तुम्ही माझ्या गाडीत."

त्या गाडीत बसलेलं माणूस परत आल्याचं रस्त्यावर कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

२ उभा. सगळ्यांना मिळालं, तिला नाही (दोन अक्षरं)

तेल्मा शब्दकोडी रचायची. एका सायंदैनिकाच्या शेवटच्या पानावर, रोज एक. चौकोन रिकामा दिसला की तिच्या बोटांना खाज सुटायची, आणि इथं तर भिंतीतच रिकामा चौकोन पडला होता.

पाच वर्षांपूर्वी ओतिलियानं तिच्या कानात सांगितलं होतं, बंदीची पुस्तकं तिसऱ्या कपाटामागं आहेत. तेल्मानं त्यातलं एकही कधी मागितलं नव्हतं. ती आहेत, एवढंच तिला पुरायचं. घरात औषध आहे म्हटल्यावर निम्मं दुखणं बरं वाटतं, तसं.

आता दोन प्रश्न होते. भिंतीचं कोणी सांगितलं? आणि भिंत रिकामी कोणी केली?

दुसऱ्याचं उत्तर विचित्र निघालं. तिनं काडी ओढून कोनाड्यात डोकं घातलं. वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, जुनं, जाड, कुठंही न तुटलेलं. खाली धूळ अशी पसरलेली, की पुस्तक ठेवल्याची एक चौकोनी खूण नाही. अधिकाऱ्याच्या हाताचा फराटा तेवढा होता.

"दोन्या ओतिलिया," ती इथल्या मानाच्या हाकेनं म्हणाली, "इथून कोणी काही नेलेलं नाही. इथं कधी काही नव्हतंच."

"कोळ्याला विचार," ओतिलिया म्हणाली.

'माते' नावाच्या पाल्याच्या चहाची भोपळी फिरत होती. एकच भोपळी, एकच नळी, कडू गरम पाणी. ओतिलिया भरायची आणि एकेकाच्या हातात द्यायची. विक्रेत्या एवारिस्तोनं ओढून परत दिली. दातांचे डॉक्टर इरासाबाल यांनी ओढून परत दिली. मग ओतिलियानं स्वतःसाठी भरली.

तेल्माचा हात अर्धा पुढं झाला होता. तिनं तो केसांवरून फिरवला.

या शहरात माणसाला शिवी दिली तर तो विसरतो. भोपळी फिरताना त्याला वगळलं तर नातवंडांना सांगतो.

३ आडवा. खिडकी नसलेल्यानं नेलेलं झाड (तीन अक्षरं)

"भिंतीचं कोणाकोणाला माहीत होतं?" तेल्मानं विचारलं.

"एवारिस्तो. डॉक्टर. तो उभ्यानं वाचणारा पोरगा, लिसान्द्रो." ओतिलियानं भोपळी खाली ठेवत भर घातली, "आणि तू."

एवारिस्तो तीस वर्षं दुकानात. सकाळी दार उघडायचा तोच. मंगळवारी मात्र गाडी आली तेव्हा तो नव्हता.

"कुठं होतास रे?"

"कामाला."

"काम तर इथं असतं तुझं."

"तेल्मा, तू आडवं विचार नाहीतर उभं विचार, मला कोडी येत नाहीत." त्यानं पिशवी खांद्यावरून उतरवली. त्यातून मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ घरंगळत आलं. त्यानं ते घाईनं उचललं. "बूट शिवायचेत."

त्याचे बूट नवे होते.

डॉक्टर इरासाबाल गोल, गोड आणि भित्रे. बायकोचा भाऊ कर्नल. ते दारातल्या टेबलावरनं पडलेली पुस्तकं गोळा करत होते. त्या टेबलावर वर्षानुवर्षं एकच पुस्तक जास्त दिसायचं: 'गुलाबांची निगा'. ओतिलियाच्या बापानं छापलं, कोणी घेतलं नाही, आणि त्याचे गठ्ठे तळघरातनं संपता संपेनात. रस्त्यावर त्याची थट्टा होती. तरी हल्ली ते खपायचं. परवाच एका टॅक्सीवाल्यानं दोन प्रती नेल्या होत्या.

डॉक्टरांनी एक प्रत काखेत धरली.

"ही तुमची तिसरी ना हो डॉक्टर? बाल्कनीत केवढी बाग झाली असेल."

"बाल्कनी कुठली! आमची खिडकीसुद्धा भिंतीकडं उघडते," डॉक्टर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाले. "भेट द्यायला... मेव्हण्याला. त्याला आवडतात."

कर्नलला गुलाब. तेल्मानं मनात नोंदवलं.

राहिला लिसान्द्रो. 'एल तेरो'त उभ्यानं वाचायची मुभा होती. ओतिलियाच्या बापानं पहिल्याच दिवशी घालून दिलेली. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्यानं दुपारी यावं, कपाटाशी उभं राहावं, वाचावं, आणि थांबला तिथं आपलं बसचं तिकीट खोचून पुस्तक जागेवर ठेवावं. दुसऱ्याच्या तिकिटाला कोणी हात लावायचा नाही. ते पुस्तक विकत मागणारा आला तर सांगायचं, विकलं गेलं. शहरातले निम्मे वकील आणि सगळे कवी असे उभ्या पायांवर शिकले होते.

लिसान्द्रो कायद्याचा विद्यार्थी. वसंतापासून यायचा. फुटक्या भिंतीकडं पाहून त्याचे डोळे भरले.

"मी याच शहराचा, सेन्योरा. बोएदोमध्ये जन्मलो. दर जानेवारीत मार देल प्लाताला समुद्राच्या वाळूत लोळलो. पण असलं काही नव्हतं पाहिलं. कुठं हलवली असतील हो त्यांनी पुस्तकं?"

"मीही तेच विचारतेय."

"सापडली तर मला सांगाल? काळजी वाटते दोन्यांची."

तो गेल्यावर तिनं त्याचं पुस्तक पाहिलं. तिकिटाचं टोक वर आलं होतं. आकडा: २७४७२. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तोच. तेल्माच्या तोंडाला पाणी सुटलं. असं तिकीट इथं कोणी फेकत नाही. पाकिटात ठेवतात, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात. तिच्या बापाच्या कोटाच्या खिशात एक होतं, ते त्याच्याबरोबर पुरलं. परीक्षेसाठी शकुन म्हणून पोरानं खोचलं असेल. तिनं नियम पाळला. हात लावला नाही.

४ उभा. भिंतीवर विश्वास ठेवणारे (दोन अक्षरं)

बुधवार तिनं डॉक्टरांवर खर्च केला आणि काही हाती लागलं नाही. कर्नल मेव्हण्याशी त्यांचं चार वर्षं बोलणंच नव्हतं, हे त्यांच्या बायकोनं जिन्यातच सांगितलं, वर म्हणाली, "गुलाब? यांना फुलांनी शिंका येतात."

म्हणजे कर्नलला भेट खोटी. मग गुलाब कशाला?

गुरुवारी दुपारी, लिसान्द्रो कपाटाशी उभा राहून पावातलं तळलेलं मांस खात वाचत होता. तेल्मा दारातल्या टेबलापाशी होती, डॉक्टर आणि एवारिस्तो मागं फुटक्या भिंतीपाशी. लाथ बसलेल्या प्रतींपैकी एकीचा कणा मोडला होता, ती तिनं उचलली. मोडलेल्या कण्यातनं शिलाई दिसत होती. कडेला पिवळा, जुना, यंत्राचा दोरा. मधे पांढरा, नवा, हातानं घातलेला. मेण लावलेला.

तिनं पान उलटलं. बत्तिसाव्या पानावर फांद्या कशा छाटाव्यात ते होतं. तेहेतिसाव्या पानावर गुलाब नव्हते. तिथं दुसरंच पुस्तक सुरू होत होतं, वेगळ्या अक्षरांत, वेगळ्या कागदावर. ज्याचं नाव या शहरात हल्ली कोणी मोठ्यानं घेत नसे ते. ते शंभर पानं चाललं, आणि मग शेणखत.

तेल्मानं पुस्तक मिटलं. तिच्या डोक्यात चौकोन भरू लागले. एवारिस्तोचा दोरा, आणि मंगळवारी तो 'कामाला' होता ते. ओतिलियाच्या बोटांवरचे सुईचे टोचे, जे विणकामाचे म्हणून सांगितले जायचे आणि ज्यातून कधी स्वेटर निघाला नव्हता. खिडकी नसलेले डॉक्टर. टॅक्सीवाला.

आणि मग तो चौकोन, जो भरायला ती तयार नव्हती.

ज्याला गुलाब माहीत, त्याला भिंत रिकामी आहे हेही माहीत. असा माणूस फितूर असता तर ते चौघं भिंतीपाशी गेलेच नसते, टेबलापाशीच थांबले असते. त्यांनी तर टेबलाला लाथ घातली. म्हणजे फितूर तोच, ज्याचा भिंतीवर विश्वास होता. एवारिस्तो नाही. डॉक्टर नाही.

उरले दोघं. लिसान्द्रो, आणि ती स्वतः.

म्हणून भोपळी तिच्यापाशी थांबली नव्हती.

ती सरळ काउंटरपाशी गेली. आवाज खाली ठेवला, पण दातओठ खात म्हणाली, "पाच वर्षं, दोन्या. पाच वर्षं मला रिकामी भिंत दाखवलीत?"

ओतिलियानं तिच्या हातातला मोडका कणा पाहिला. "सगळ्यांना आधी भिंतच दाखवते. पाटीवरचा पक्षी बघितलास ना? टिटवी ओरडते एकीकडं, अंडी दुसरीकडं. मग बघते, माणूस काय विचारतो. जो म्हणतो 'अमकं पुस्तक द्या', त्याला गुलाब देते. तो पोरगा पहिल्याच आठवड्यात आला, पण 'कुठं आहेत' म्हणून विचारत. भुकेलेला माणूस ताटाकडं बघतो. हा स्वयंपाकघराकडं बघत होता."

"मग मी?"

"तू काहीच मागितलं नाहीस, पोरी. एकदाही. न मागणाऱ्याला काय हवं असतं ते मला आजवर कळलेलं नाही. दोघांतलं कोण, दोन रात्री झोपले नाही त्यापायी."

ते खरं होतं. तिनं भ्यायल्यामुळं मागितलं नव्हतं, आणि भीती लांबून फितुरीसारखीच दिसते.

तेवढ्यात कपाटापाशी लिसान्द्रोनं खाणं संपवलं. पुस्तकातलं तिकीट काढलं, त्याची घडी घातली, तिच्या टोकानं दातातलं मांस कोरलं, आणि तिकीट बोटानं उडवून दिलं.

२७४७२ जमिनीवर पडलं.

दुकानात दोन म्हाताऱ्यांनी एकदम श्वास आत घेतला.

५ आडवा. पोर हरवलं की (दोन अक्षरं)

तेल्मानं ते उचललं. दुसऱ्याच्या तिकिटाला तिनं आयुष्यात पहिल्यांदा हात लावला.

"हे तुमचं पडलं."

"राहू द्या, जुनंय."

"आकडा वाचा."

त्यानं वाचला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. उभे वाचणारे आठ-दहा जण होते. त्यांनी पुस्तकं खाली केली.

"बोएदोत जन्मलात ना?" तेल्मा म्हणाली. "बोएदोतलं शेंबडं पोरसुद्धा हे तिकीट फेकणार नाही. आणि ज्या बसच्या तिकिटावर असा पट्टा असतो ती बोएदोत जातच नाही, ती उत्तरेकडच्या छावणीवरनं येते. बाहेरगावचं असणं हा गुन्हा नाही. माझे आजोबा बोटीतनं उतरले तेव्हा त्यांना इथली भाषाही येत नव्हती. पण त्यांनी कोणाला सांगितलं नाही की मी बोएदोचा."

"सेन्योरा, तुम्हाला बरं नाहीये."

"भिंतीवर विश्वास असलेले दोघंच होतो. मी आणि तुम्ही. मी सांगितलं नाही, हे मला माहीत आहे. बाकीच्यांना ते मानायची गरज नाही. त्यांनी फक्त तुमचे दात बघावेत."

लिसान्द्रो हसला. विद्यार्थ्याचा चेहरा कोटासारखा उतरला आणि आतला माणूस दहा वर्षांनी मोठा निघाला. "बरं. मग? काय कराल? पोलिसांना बोलवाल?"

एवारिस्तो पुढं सरकला. ओतिलियानं त्याला हातानं थांबवलं आणि काउंटरमागून बाहेर आली. ती कधी बाहेर यायची नाही.

"हात लावू नकोस रे, अंगाला वास लागेल. आणि तू, बाळा, तू जाऊन सांग ना तुझ्या साहेबाला. पण काय सांगशील? परवा त्याला भिंत दिलीस, त्याचा कोट धुळीनं भरला. आता काय देशील? म्हातारीच्या तोंडाची वाफ? माझा बाप तुरुंगातून सुटला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं हे दुकान काढलं. तेव्हापासून सहा वेळा सरकारं बदलली. प्रत्येकानं येऊन काहीतरी फोडलं. दुकान इथंच आहे."

"शुक्रवारी बघू," लिसान्द्रो म्हणाला.

"हो, हो, बघू. पण तू हरवलायस, पोरा. तुला आधी घरी पोचवायला हवं."

आणि ओतिलिया ब्रुनेत्तीनं टाळी वाजवली.

एक. मग दुसरी. संथ, सपाट. तेल्माला क्षणभरानं उमगलं आणि तिचे हात आपोआप वर आले. मग डॉक्टर, मग एवारिस्तो, मग कपाटांशी उभे असलेले सगळे, पुस्तकं काखेत मारून.

लिसान्द्रो दाराकडं निघाला. जाता जाता वळून त्यानं छातीवर हात ठेवून नाटकी नमस्कार केला. त्याला वाटलं, ही त्याच्या हिमतीला दाद आहे.

तिथंच उरलंसुरलं संपलं. दर जानेवारीत मार देल प्लाताच्या वाळूत लोळलेला माणूस! त्या वाळूत पोर हरवलं की कोणीतरी त्याला खांद्यावर घेतं आणि आजूबाजूचे टाळ्या वाजवायला लागतात. टाळ्या पुढं सरकत जातात, माणसं माना उंच करतात, हे कोणाचं पोर म्हणून चेहरा बघून घेतात, आणि शेवटी आई धावत येते. हे या शहरात ज्याला माहीत नाही असा माणूस नाही.

तो रस्त्यावर आला. ओतिलिया त्याच्या मागोमाग, टाळ्या वाजवत. शेजारच्या दुकानाच्या दारात शेजारचा पुस्तकवाला आला. त्यानं पोराकडं नीट पाहून घेतलं, आणि टाळी वाजवली. मग समोरचा. मग नाटकाच्या तिकीटखिडकीतली बाई. मग कॉफीच्या दुकानातले सगळे वेटर, ट्रे काखेत. कोरिएन्तेसवर दार दार टाळी पुढं सरकत गेली, आणि प्रत्येक दारातून एक एक चेहरा त्याचा चेहरा पाठ करत होता. तो आधी भराभर चालला. मग पळाला. टाळ्या त्याच्याहून पुढं गेल्या होत्या.

टाळ्या वाजवायला अजून बंदी नव्हती.

काळा चौकोन

शुक्रवारी हिरवी गाडी आली.

'एल तेरो'त पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यावरल्या पुस्तकवाल्यांनी आपापल्या दुकानांवर पोरींना, बायकांना, मेव्हण्यांना बसवलं होतं आणि स्वतः इथं येऊन उभ्यानं वाचत होते. दार भरलं होतं, पायरी भरली होती, पदपथावर माणसं खांद्याला खांदा लावून वाचत होती. बऱ्याच जणांच्या हातात 'गुलाबांची निगा' होतं. मागं फुटलेल्या भिंतीची एक वीटही ओतिलियानं हलवू दिली नव्हती. कोनाड्यात फळी टाकून त्यावर गुलाबांचे गठ्ठे रचले होते.

"दोन्या, हे फारच झालं," डॉक्टर कुजबुजले. "तिथंच?"

"तिथं एकदा हात घालून झालाय त्याचा. मऊ हात आहेत, पुन्हा मळवायचा नाही."

गाडीचं दार उघडलं. अधिकाऱ्यानं एक पाय खाली टाकला. गर्दीतून कोणी हललं नाही, कोणी वर पाहिलं नाही. पान उलटल्याचे आवाज तेवढे येत होते. तो बराच वेळ तसा राहिला, एक पाय रस्त्यावर. मग पाय आत गेला. गाडी निघाली तेव्हा मागच्या सीटवर, दोन कोटांच्या मधे, तेल्माला लिसान्द्रो दिसला. पाहुणा होता की धरलेला, ते काचेतून कळलं नाही.

ते परत येणार नाहीत, असं कोणी म्हणालं नाही. एवारिस्तोनं दोऱ्याचं रीळ काढलं आणि सगळ्यांसमोर सुईत ओवलं.

ओतिलियानं भोपळी भरली. पहिली तेल्मापुढं धरली.

तेल्मानं ती घेतली नाही. "आधी मला एक पुस्तक हवंय."

"कुठलं?"

तेल्मानं नाव घेतलं. लेखकाचं आणि पुस्तकाचं, पूर्ण, मोठ्यानं. भोवतीची दोन-तीन पुस्तकं थबकली. ओतिलियानं कोनाड्यापाशी जाऊन वरून चौथी प्रत काढली, बोटाच्या टोचलेल्या टोकानं धूळ पुसली आणि तिच्या हातात दिली. मग तेल्मानं भोपळी घेतली. पाणी भाजेल इतकं गरम होतं. तिनं तळाशी आवाज येईपर्यंत ओढलं.

घरी जाताना बसमध्ये तिला तिकीट मिळालं. आकडा साधाच होता, कुठूनही वाचला तरी कामाचा नाही. पुस्तकात खोचायला बरा.

शेजारच्या गणवेशातल्या माणसानं मान वाकडी करून मुखपृष्ठ वाचलं.

"गुलाब लावता?"

"नाही," तेल्मा म्हणाली. "मला बाल्कनी नाही."

आणि तिनं तेहेतिसावं पान उघडलं.